माडीवर आम्ही दोघी

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दोन हजार एक-दोनची गोष्ट. आमचं मूळ गाव तुडील, पण वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक, त्यामुळे आम्ही महाडातच वाढलो. दादा मुंबईला एका कंपनीत होता. त्याच्यासाठी मुलगी बघितली ती पोलादपूरच्या वरची. महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटरस्त्यावर मध्येच उतरायचं आणि डोंगरात अर्धा तास चालायचं, अशी तिची वाडी. घरी गुरं, थोडी भातशेती, नाचणी. दहावीला ती इंग्रजीत राहिली होती आणि मग परत बसली नव्हती.

लग्नानंतर दादा आठ दिवस राहिला आणि मुंबईला गेला. खोली लहान आहे, बरोबर आणखी दोघं राहतात, मोठी जागा मिळाली की घेऊन जाईन, असं तो म्हणाला. आम्हाला सगळ्यांना ते पटलं. अशी पुष्कळ घरं होती आमच्याकडे, जिथं सून गावी आणि नवरा मुंबईला.

वहिनी पहिले दोन-तीन महिने माझ्याशी अंतर ठेवून होती. मला ताई म्हणायची, तुम्ही म्हणायची. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते, तरी. आईसमोर तर ती बोलायचीच नाही. चुलीवर स्वयंपाक करायची सवय असलेली ती, गॅस पेटवताना काडी लांब धरून मान मागे घ्यायची. ते बघून मी एकदा हसले, तशी तीही हसली, आणि तिथून आमचं जमायला लागलं.

दिवाळीला दादा सीडी प्लेयर घेऊन आला. टीव्ही आमच्याकडे होता, तोही माडीवर. सावित्रीचं पाणी वाढलं की खालच्या खोलीत यायचं, म्हणून महाडातल्या पुष्कळ घरांसारखं आमचंही किमती सामान वर असायचं. प्लेयरबरोबर दहा-बारा सीड्या होत्या. बहुतेक सिनेमे, दोन गाण्यांच्या, आणि एक व्यायामाची. तिच्या कव्हरवर एक परदेशी बाई मुठी वळून, एक पाय हवेत उचलून उभी होती. किकबॉक्सिंगचा व्यायाम. घरच्या घरी करा, वजन घटवा, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. मी वहिनीला मराठीत सांगितलं.

दादा गेल्यावर तीन-चार दिवसांनी तिनं मला विचारलं, ती सीडी लावता येईल का. मला वाटलं गंमत म्हणून बघायची असेल. पण ती गंभीर होती. लग्नाच्या आठवड्यात दादा तिला म्हणाला होता की मुंबईच्या बायका कशा सकाळी उठून व्यायाम करतात, कशा चवळीच्या शेंगेसारख्या राहतात. तेवढंच. ती म्हणाली, "माझ्यासाठी आणलीय त्यांनी. बोलले नायत, पण मला समजतं."

वहिनी जाडी नव्हती. डोंगरात चढउतार करून, डोक्यावरून गवताचे भारे आणून जशी होते तशी तिची बांधेसूद अंगलट होती. पण तिला ते पटवून देण्यात अर्थ नव्हता. नवऱ्यानं आपल्याला काहीतरी सुचवलंय आणि ते आपल्याला ओळखता आलं, याचाच तिला केवढा आनंद झाला होता.

आई दुपारी अडीचला भजनी मंडळात जायची ती चारला यायची. वडील निवृत्त झाले होते, ते खाली आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलेले असायचे. त्या वेळात आम्ही माडीचं दार लावून घ्यायचो. माडीची जमीन फळ्यांची. उडी मारली की खाली धूळ पडायची, म्हणून आम्ही दोन गोधड्या अंथरायचो. पहिल्या दिवशी वहिनीनं साडीचा ओचा खोचला आणि लाथ मारायला पाय उचलला तो ओच्यातच अडकला, ती टीव्हीवर पडता पडता राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझी कॉलेजच्या खेळाची पँट दिली. वर माझा एक जुना कुडता. तो वेष घालून ती पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली तेव्हा तोंडावर हात ठेवून खाली बसली. वाडीत कुणी बघितलं तर आपल्या आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाली.

सीडीतली बाई भराभर इंग्रजी बोलायची. मलाही निम्मंच समजायचं. वहिनीनं तिच्या ठोशांना आपली नावं ठेवली. सरळ ठोसा म्हणजे टोचा. बाजूनं वळवून मारायचा तो कोयता. खालून वर हनुवटीखाली मारायचा तो कळशी, कारण विहिरीवर वाकून कळशी कमरेवर घेताना हात तसाच येतो. त्या बाईच्या मागे ओळीनं उभ्या असलेल्या पोरी घामानं निथळायच्या आणि ती सारखी कमॉन कमॉन करायची. वहिनी मला विचारायची, "ही कोणाला बोलावते गो? येत तर कोणच नाय." तोवर तिच्या तोंडी मी तू झाले होते आणि गो झाले होते. खाली उतरलं की परत ताई आणि तुम्ही.

तिच्या लाथा माझ्यापेक्षा वर जायच्या. मी पंधरा मिनिटांत धापा टाकत भिंतीला टेकायचे, ती शेवटपर्यंत करायची. मध्येच लाइट गेली तरी थांबायची नाही. आठ-आठचे आकडे मोजत, पुढचं सगळं आठवून करायची. तीन महिन्यांत तिला ती सीडी पाठ झाली. आणि तिचा स्वभावही मोकळा व्हायला लागला. दुपारी व्यायाम झाला की आम्ही दोघी गोधडीवर आडव्या पडून बोलायचो. तिनं मला वाडीतल्या गोष्टी सांगितल्या, कुठल्या म्हशीनं कुणाला कसं पाडलं त्या. मी तिला सांगितलं की पदवी झाली की मी मुंबईला जाणार, दादा मला पुढच्या शिक्षणासाठी तिकडे नेणार आहे. मग आपण दोघी तिथंच, ती म्हणाली. तेव्हा मोठी खोली लागेल, लाथा मारायला.

मला सख्खी बहीण नाही. त्या वर्षात मला वाटायचं की असती तर अशीच असती.

गणपतीला दीडेक महिना असताना एका रविवारी सकाळी आईनं मला दादाला फोन करायला सांगितलं. तो कधी येणार, रेल्वेनं येऊन वीरला उतरणार की एसटीनं येणार, ते विचारायचं होतं. वहिनी बाजूला पदराला हात पुसत उभी होती. फोन लागला. पलीकडे एका बाईनं उचलला. मी दादाचं नाव घेतलं तसं ती सहजपणे हिंदीत म्हणाली, ते आंघोळ करताहेत, कोण बोलतंय. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मी काही न बोलता फोन ठेवला.

वहिनीनं विचारलं, "लागला का?"

मी म्हटलं, "नाही लागला."

एवढंच. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. नंतर सुचलं, पण नंतर सांगायचं म्हणजे आधी खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं. मग मी स्वतःला समजावलं की खोलीतल्या दोघांपैकी कुणाची तरी बायको असेल, कुणाची बहीण असेल. पण ज्या सहजपणे ती बोलली होती, तो सहजपणा मला ठाऊक होता. आमची आई वडिलांबद्दल तशी बोलायची.

दादा गणपतीला दोन दिवसांसाठी आला. वहिनी तोवर खूप बारीक झाली होती, ब्लाउज सगळे आत घेतले होते. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि आईला विचारलं, हिला बरं नव्हतं का. वहिनीला वाटलं थट्टा करतोय. दुपारी आरती, जेवणं झाल्यावर तो माडीवर पडला होता. वहिनी जिन्यात माझ्याशी कुजबुजत होती की दाखवू का त्यांना, मला लाज वाटते. आणि मी, जिला त्या फोनवरचा आवाज ठाऊक होता, मी तिला म्हटलं दाखव. पाठीवर हात ठेवून तिला वर ढकललं. मला वाटलं, तो बघेल, त्याचं मन फिरेल. काहीतरी होईल आणि मला काही सांगावंच लागणार नाही.

तिनं साडीवरच दाखवलं. चार टोचे, दोन कोयते, आणि ओचा धरून एक लाथ, जमेल तेवढी वर. श्वास रोखून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. दादा उशीवरून उठलासुद्धा नाही. त्यानं विचारलं हे काय चाललंय. मी सांगितलं, तू व्यायामाची सीडी आणलीस ना, ती रोज करते.

"ती होय? ती प्लेयरबरोबर फुकट मिळाली," तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

वहिनी खाली गेली आणि मोदकाची भांडी घासायला बसली. मी मागोमाग गेले, पण तिनं वर बघितलं नाही.

मला वाटलं होतं आता ती व्यायाम सोडून देईल. पण गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी अडीच वाजता ती माडीवर आली, गोधड्या अंथरल्या आणि सीडी लावली. आता कशाला, असं मी म्हणाले असेन. ती म्हणाली, सवय लागली, अंगाला बरं वाटतं. त्या दिवशी तिनं सगळा एक तास केला. मध्ये केव्हातरी ती रडायला लागली, पण हात थांबले नाहीत आणि आकडेही थांबले नाहीत. पाच, सहा, सात, आठ. मी तिच्या शेजारी तेच करत होते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी टीव्हीकडे बघत राहिले.

दिवाळी झाल्यावर दादानं वडिलांना पत्र लिहिलं की त्याला हे लग्न निभावता येणार नाही. दुसऱ्या बाईबद्दल त्यात काही नव्हतं. स्वभाव जुळत नाहीत, असं होतं. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आई मात्र दुसऱ्याच दिवसापासून वहिनीत दोष शोधायला लागली. मुलगा चुकला असं म्हणण्यापेक्षा ते तिला सोपं गेलं असावं. एकदा ती भजनाहून लवकर परतली, मी घरी नव्हते, आणि वहिनी तिला माडीवर त्या वेषात दिसली. पंधरा दिवसांनी बैठक ठरली. दादा आला. वहिनीचे वडील आणि चुलते डोंगरातून उतरून, सकाळच्या एसटीनं आले. दोघांच्या टोप्या पांढऱ्याशुभ्र होत्या. येताना त्यांनी आमच्यासाठी नाचणीचं पीठ आणि तुपाची बरणी आणली होती, ती कुठं ठेवावी हे त्यांना समजेना. शेवटी खुर्चीखाली ठेवली.

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. मी जिन्याच्या पायरीवर.

तिच्या वडिलांनी हात जोडून विचारलं की पोरीचं काय चुकलं ते सांगा. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मग आई बोलायला लागली. कामात लक्ष नाही, वळण नाही, असं बरंच काही बोलली, आणि शेवटी म्हणाली, "दुपारी माडीवर दार लावून पुरुषाची पँट घालून लाथा झाडत असते. शहाणं माणूस असं करील का? डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

तिच्या वडिलांना ते समजलंच नाही. लाथा कोणाला मारते, त्यांनी विचारलं. कोणाला नाही, हवेत, आई म्हणाली. तसे ते आणखीच घाबरले आणि लेकीकडे बघायला लागले.

तेव्हा माझे वडील माझ्याकडे वळले. "तू घरात असतेस," ते म्हणाले. "आई सांगते ते खरं आहे का?"

मी एक वाक्य बोलायला हवं होतं, की मीही करते तिच्याबरोबर. ती सीडी दादानं आणली, ती पँट माझी आहे. आणि धीर झाला असता तर आणखी एक, की मुंबईच्या खोलीत फोन कोण उचलतं ते दादाला विचारा. दादानं खिडकीकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. तो नुसता बघत होता. माझी मुंबई त्याच्या हातात होती.

मी म्हणाले, "हो. करते ती."

वडील थांबले. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

वहिनीनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मग पदर नीट केला. बाकीचं बोलणं पुढे तासभर चाललं, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक भरत होती तेव्हा मी माडीवर गेले. माझी पँट आणि कुडता तिनं आदल्या संध्याकाळी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवले होते. "ही तुमची," एवढं म्हणून तिनं ते माझ्या हातात दिले. मी बोलायला तोंड उघडलं, पण खालून तिच्या चुलत्यांनी हाक मारली.

मी पुन्हा ती सीडी लावली नाही. दुपारी अडीचला मी घराबाहेर पडायला लागले. ग्रंथालयात जायचे, नाहीतर नदीच्या घाटावर बसायचे. पत्र लिहायला घेतलं की दोन ओळींपुढे जायचं नाही. शेवटी शिमग्यानंतर एका दिवशी घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी पोलादपूरची एसटी धरली. तिथून वर जाणाऱ्या जीपनं गेले आणि मग पायवाटेनं वाडी गाठली.

तिची आई अंगणात होती. तिनं मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, ताक दिलं. एक शब्द वावगा बोलली नाही. लेक वरच्या अंगाला आहे, भाताच्या रोपांची जमीन भाजायची असते त्यासाठी फांद्या तोडतेय, एवढं सांगितलं.

वहिनी झाडावर होती. मला बघून तिनं कोयता फांदीत रोवला आणि उतरली. काळवंडली होती. आम्ही बांधावर बसलो. मी म्हटलं, "मला माफ कर."

"तू खोटा नाय बोललीस," ती म्हणाली. "मी करतच होते."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग तिनं विचारलं, "एक सांग. त्या बाईचा तुला ठाऊक होता?"

तोवर ते सगळ्यांना समजलं होतं. दादानं त्या बाईशी लग्न करायचं ठरवलं होतं. मी हो म्हटलं.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधी. त्या रविवारी फोन लागला होता. तिनंच उचलला."

वहिनीनं बांधावरचं वाळकं गवत उपटलं. मनाशी काहीतरी जुळवत होती. खाली दरीत कुणाची तरी गुरं चालली होती, तिकडे ती बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी त्यांना करून दाखवला, तेव्हा तुला ठाऊक होता."

"हो."

"तूच मला वर ढकललंस गो."

मी सांगायचा प्रयत्न केला की मला वाटलं त्याचं मन फिरेल. ती ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. ती उठली, मागून साडी झाडली. "जा आता," ती म्हणाली. "शेवटची जीप चारला हाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. ती परत झाडावर चढली आणि मी वळणापर्यंत जाईतो कोयत्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. आई देवळात गेली होती. मीही व्यायाम करत होते हे सांगितलं, फोनचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला.

"फोनचं ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "व्यायामाचं ठाऊक होतं. मी खालीच असायचो ना. दोघींचे पाय वाजायचे वर. तू आधी दमायचीस."

 मग मी विचारलं, ठाऊक होतं तर मला सगळ्यांसमोर का विचारलंत.

त्यांनी चष्मा उचलला, परत पेपरवर ठेवला. नंतर म्हणाले, "मला वाटलं तू सांगशील. तू एकदा बोलली असतीस तर मला पुढचं बोलता आलं असतं. एकट्याला धीर झाला नाही." आणि थोडं थांबून, "मी मोठा होतो. तुझ्यावर टाकायला नको होतं."

आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

दादाचं दुसरं लग्न मुंबईलाच झालं. वडील गेले नाहीत. मीही पदवीनंतर मुंबईला गेले नाही. दादानं एकदा विचारलं, मी नको म्हटलं. महाडातच शिकवण्या घ्यायला लागले. धैर्य म्हणून नव्हे, त्याच्या घरी कुठल्या तोंडानं राहणार होते.

वर्षभरानं, एका गुरुवारी सकाळी वडील न सांगता बाहेर पडले. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. दुपार उलटून गेल्यावर परतले तेव्हा चपला आणि धोतराचा काठ तांबड्या मातीनं माखलेले होते. मी समजले. त्यांनी पाय धुतले, ओसरीवर बसले आणि मला म्हणाले की तिचं लग्न झालं, खेडकडे दिलीय, माणूस बिजवर आहे पण चांगला आहे म्हणतात. "तिच्या वडिलांनी चहा दिला," ते म्हणाले. "मी माफी मागितली, तर म्हणाले, गुरुजी, आता ते राहू द्या. घरात बसले नाहीत माझ्यापाशी. मी चहा पिईपर्यंत अंगणात उभे राहिले."

आईनं आतून विचारलं, जेवण झालं का. तिथं जेवून आलो, वडील म्हणाले. मग पाच वाजता मी चहा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, सकाळची एखादी भाकरी उरली आहे का.